प्रस्थानाचं कपाट

आनंदानं प्रवासाला निघालेला माणूस आमच्या साहेबांना बघवत नसे. प्रवासाची तिकिटं विकून पोट भरणाऱ्या माणसाला हा रोग कसा जडला, हे नऊ वर्षं त्यांच्या हाताखाली काम करूनही मला कळलं नाही. एखादं नवं जोडपं हसत-खिदळत आत यायचं, "काका, स्वित्झर्लंड!" म्हणायचं, आणि साहेब चष्म्यावरून त्यांच्याकडे असे बघायचे, की दोघांनी विहिरीत उडी मारायची परवानगीच मागितलीय. मग पहिला प्रश्न. कधी जायचं, किती दिवस, हॉटेल कसलं, यातलं काही नाही.

"पाय मोडला तर कुणाला फोन कराल?"

नवरी मुलगी कावरीबावरी. नवरा म्हणायचा, "पाय कशाला मोडेल काका?"

"बर्फ आहे म्हणून. बडोद्यात बर्फ गोळेवाल्याच्या गाडीवर असतो. तिथं पायाखाली असतो."

अर्धी गिऱ्हाइकं इथंच उठून जायची. मी कपाळाला हात लावायची. पण राहिलेली अर्धी जन्माची चिकटायची, त्यांची मुलं चिकटायची, मुलांच्या सासरची माणसं चिकटायची. "चाकू फिरवल्यासारखं बोलतो, पण माणूस पोचवतो," असं एक गुजराती काका मला म्हणाले होते, आणि ते दर वर्षी न चुकता येऊन साहेबांची बोलणी खाऊन जायचे.

ऑफिस रावपुऱ्यात, एका कापडाच्या दुकानाच्या वर, दुसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, जिना उभा, पायऱ्या एकेक हातभर उंच. खालची जागा मिळत असताना त्यांनी ती नाकारली होती. मला वाटलं भाडं वाचवतायत. पहिल्याच आठवड्यात कळलं की तो जिना हेच साहेबांचं तपासणी यंत्र. खाली चपला वाजल्या की ते हातातलं काम सोडून कान देऊन ऐकायचे. माणूस वर येऊन खुर्चीत टेकतोय न टेकतोय तोच निदान तयार असायचं.

"दोनदा थांबलात. दुसऱ्यांदा जास्त वेळ. गुडघा की दम?"

"नाही हो, फोन आला होता."

"फोनवर बोललेलं ऐकू आलं नाही."

समोरचा ओशाळून पाणी प्यायचा. साहेब लिहून घ्यायचे.

जिन्यानंतर डबा. साठी उलटलेल्या प्रत्येकानं घरातला औषधांचा डबा जसाच्या तसा घेऊन यायचा, निवडून आणायचा नाही, हा नियम. बिस्किटांचे पत्र्याचे डबे यायचे, श्रीखंडाचे प्लास्टिकचे यायचे, एका आजींनी तर कुकरचं भांडं आणलं होतं. साहेब ते सगळं टेबलावर उपडं करायचे आणि तांदूळ निवडावेत तसे बोटानं गोळ्या निवडत बसायचे.

"ही कशाची?"

"ती होय? ती मी अशीच घेते."

"अशीच कुणी गोळी खात नाही, वहिनी. असेच शेंगदाणे खातात."

हा सगळा उपद्व्याप विम्याच्या फॉर्मासाठी. त्या फॉर्मात 'आधीपासून काही आजार आहे का' असा एक रकाना असतो, आणि आपली माणसं तिथं डोळे मिटून 'नाही' लिहून मोकळी होतात. विमा महाग पडेल म्हणून लिहिलं तर मी समजू शकते. पण आपल्या बडोद्याच्या मराठी घरांत कारण वेगळंच. मुलाला कळेल. सुनेला कळेल. व्याह्यांच्या कानावर जाईल. 'आमच्या ह्यांना काही नाही हो, अजून ठणठणीत आहेत' हे वीस वर्षं चारचौघांत सांगितलेलं असतं, ते एका फॉर्मापायी कसं मोडायचं? आमच्याच ओळखीतल्या एका गृहस्थांनी दुसरीकडून विमा काढताना साखर लपवली. परदेशात चक्कर येऊन पडले, तिथल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं आणि विमावाल्यांनी हात वर केले. साहेब ही गोष्ट सांगून झाल्यावर नेहमी म्हणायचे, "लपवलेला आजार विमानात सोबत येतो. विमा तेवढा मागं राहतो."

रागावले की त्यांची भाषा बदलायची. एरवी गिऱ्हाइकांशी गुजराती, माझ्याशी बडोद्याची धेडगुजरी मराठी, "चालो, आटोप आता," वगैरे. पण पारा चढला की थेट संस्थानी. "आपण कृपा करून आसनस्थ व्हावं" असं म्हणाले की समजायचं, समोरच्याची धडगत नाही. मलाही एरवी 'तू'. 'तुम्ही' झालं की मी मुकाट्यानं कॉम्प्युटरमध्ये डोकं घालायची.

हे त्यांच्या आजोबांकडून आलं होतं म्हणे. आजोबा संस्थानात कारकून. महाराजांची स्वारी बाहेर निघायची तेव्हा काय काय बिघडू शकेल याची यादी करणं हे त्यांचं काम. घोड्याचा नाल, आचाऱ्याची सर्दी, वाटेतल्या ओढ्याचं पाणी. "स्वारी मिरवायची, आजोबा काळजी करायचे. पगार काळजीचा होता," साहेब अभिमानानं सांगायचे. नातवानं तीच नोकरी पुढं चालवली, एवढंच.

कुणी म्हणालं, "काका, मोबाईलवर स्वस्त दाखवतंय," तर ते अजिबात चिडायचे नाहीत. शांतपणे म्हणायचे, "घ्या की. आणि वाटेत विमान चुकलं तर मोबाईललाच म्हणा, बाबा, माझ्यासाठी खोली बघ, जेवणाचं बघ, आणि माझ्या पोरीला कळव." असेच एक इथल्याच गोत्री भागातले भाई मुलाकडून मोबाईलवर स्वतःचं नि बायकोचं तिकीट काढवून निघाले. पासपोर्टावर दोघांच्या नावाला 'भाई' आणि 'बेन' जोडलेलं, तिकिटावर मुलानं नुसती नावं घातलेली. अहमदाबादच्या विमानतळावर त्यांना बाजूला उभं केलं. त्या भाईंनी फोन केला तो आमच्या साहेबांना. तिकीट आमचं नाही, फायदा आमचा नाही, तरी साहेब दीड तास फोनवर उभे. काम झालं तेव्हा भाई म्हणाले, "उपकार झाले साहेब, आता परतीचं तुम्हीच बघा." साहेब म्हणाले, "परतीचंही बघतो, पण आधी तुमच्या डब्याचा फोटो काढून पाठवा."

आता कपाटाविषयी सांगते. आमच्या ऑफिसात एक लोखंडी कपाट होतं आणि त्याच्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, 'प्रस्थान'. ज्यांना हा प्रकार ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. निघायचा दिवस वाईट असेल, अमावास्या वगैरे, तर आपल्याकडे आधीच्या चांगल्या मुहूर्तावर सामानातली एखादी बॅग हळदकुंकू वाहून शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास चांगल्या दिवशी सुरू झाला असं देवाला दाखवायचं. ठेवलेली बॅग परत घरी आणायची नाही, तिथूनच निघायचं. दोन-तीन वर्षांपूर्वी गोत्रीच्या एका कुटुंबानं असं प्रस्थान शेजाऱ्यांकडे ठेवलं. घरातल्या मोठ्या आत्यांचं म्हणणं पडलं की प्रस्थानात खऱ्या प्रवासाची वस्तू हवी, नाहीतर देव फसत नाही. म्हणून बॅगेत घातले चौघांचे पासपोर्ट. निघायच्या दिवशी बघतात तर शेजाऱ्यांच्या दाराला कुलूप! मंडळी सकाळीच लग्नाला सुरतेला रवाना झालेली, किल्ली त्यांच्या खिशात.

आत्या रडायला लागल्या, मुलं भांडायला लागली, आणि फोन आला साहेबांना. साहेबांनी सुरतेच्या रस्त्यावर टॅक्सी पिटाळली, शेजाऱ्यांना भरूचजवळ एका हॉटेलात चहा पीत बसवून ठेवलं, किल्ली आणवली, कुलूप उघडलं आणि चौघांना विमानात बसवलं. हे जमलं कसं? तर अहमदाबादला विमानाच्या आधी सहा तास पोचायचं, हा साहेबांचा नियम. त्या नियमाला सगळं बडोदं हसायचं. "सहा तास तिथं बसून काय करायचं काका, शेती?" असं विचारायचे. त्या दिवसानंतर गोत्रीत तरी कुणी हसलं नाही.

आणि दुसऱ्या दिवशी साहेबांनी कपाट आणलं. स्वतः मुहूर्त-बिहूर्त काही मानायचे नाहीत. पण म्हणाले, "लोक प्रस्थान ठेवणारच. मग ज्याचं दार उघडं असेल त्याच्याकडे ठेवावं." एका आजोबांनी शंका काढली, "आम्ही जाणार पश्चिमेला आणि तुमचं ऑफिस पडतं आमच्या पूर्वेला, ते चालतं का?" साहेब म्हणाले, "पृथ्वी गोल आहे. थोडं लांबून जाईल, पण पोचेल." आजोबांना ते पटलं, हे विशेष.

तर याच कपाटात माझ्या आईचं प्रस्थान ठेवलं होतं.

आई माझ्याजवळच असते, बडोद्यातल्याच अकोट्याला. धाकटी बहीण टोरोंटोला. तिच्या पहिल्या बाळंतपणाला आईचा व्हिसा नाकारला गेला. आईनं शिवलेली दुपटी कुरिअरनं गेली आणि आई इथं फोनमध्ये नातवाचं तोंड बघत बसली. त्या दिवसांत ती कुणाशी धड बोलायची नाही. दुसऱ्या वेळेला व्हिसा आला तेव्हा तिनं सगळ्या सोसायटीला पेढे वाटले. "या खेपेला मी माझ्या हातानं बाळाला न्हाऊ घालणार," हे तिनं इस्त्रीवाल्यालासुद्धा सांगितलं.

तिकीट काढलं. विम्याचा फॉर्म मी भरायला घेतला. साहेबांनी विचारलं, "डबा?" मी म्हटलं, "मी बघते ना घरी." ऑफिसचीच माणसं आम्ही, आम्हाला कसला जिना आणि कसला डबा! साहेबांनी पुढची फाईल उघडली. मी घरी डबा बघितला. रक्तदाबाची गोळी, हाडांची गोळी, इसबगोल. रक्तदाब प्रामाणिकपणे लिहिला, बाकी सगळीकडे 'नाही' ठोकलं आणि खाली सही केली.

विमान शनिवारचं, आणि शनिवारी नेमकी अमावास्या. मग काय, बुधवारी सकाळी आई हातात छोटी बॅग घेऊन ऑफिसात हजर. साहेबांनी बॅगेला चिठ्ठी बांधली, कपाटात ठेवली, आई नमस्कार करून गेली. झालं, सुटलो, असं मला वाटलं.

बुधवारीच संध्याकाळी पाचला आई परत आली. "अगं, पोथी राहिली बॅगेत." कपाट उघडलं, माझ्याकडे पाठ करून बॅगेत हात घातला, पाणी मागितलं, प्यायली आणि गेली. गुरुवारी पाचला पुन्हा. म्हणे, दुपट्यांत डांबराच्या गोळ्या घालायच्या राहिल्या. पुन्हा पाठ, पुन्हा पाणी. शुक्रवारी पाचला जिन्यावर तिच्या चपला वाजल्या तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

"आई, बॅग काय पळून जातेय का? उद्या निघायचंय, घरी पसारा पडलाय आणि तू रोज इथं काय येतेस?"

"प्रस्थानाची सुपारी आहे का ते बघते गं," आई म्हणाली. कपाळावर घाम होता. मे महिना होता, घाम मलाही होता.

साहेब म्हणाले, "जरा खाली जाऊन या कागदाची झेरॉक्स काढून आण."

मी म्हटलं, "मशीन इथंच आहे की!"

"तुम्ही खाली जाऊन झेरॉक्स काढून आणा."

तुम्ही! मी गेले.

पंधरा मिनिटांनी आले तर आई खुर्चीत बसलेली, पदर डोळ्यांना. तिच्यापुढं चहा, आणि टेबलावर दोन पाकिटं गोळ्यांची आणि एक छोटी तपकिरी बाटली. हे मी कधी घरात बघितलेलं नव्हतं. साहेब म्हणाले, "वहिनींना तुला काही सांगायचंय."

"तू ओरडणार नसशील तर सांगते," आई म्हणाली.

"सांग."

पाच महिन्यांपूर्वी भाजी घेऊन येताना तिच्या छातीवर दाब आला होता. मी ऑफिसात. ती मैत्रिणीबरोबर परस्पर डॉक्टरकडे गेली. हृदयाला रक्त कमी पोचतंय, पुढची तपासणी करून घ्या, असं डॉक्टर म्हणाले. तपासणी तिनं 'टोरोंटोहून आल्यावर' वर ढकलली. गोळी रोज पाचला, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची ती बाटलीतली. घरात माझ्या हाताखालून न जाणारी एक पिशवी नाही, पर्ससुद्धा मीच आवरते, म्हणून इतके दिवस मैत्रिणीकडे ठेवलेलं सगळं तिनं बुधवारी प्रस्थानाच्या बॅगेत घातलं. आणि रोजची गोळी घ्यायला दोन मजले चढून यायची! हृदयाचं दुखणं लपवायला आमचा तो जिना!

ओरडणार नाही असं मी कुठं म्हटलं होतं? मी ओरडले. खूप ओरडले. खालच्या कापडाच्या दुकानातलं गिऱ्हाईक वर बघायला लागलं असेल. घाबरले होते मी, दुसरं काय. शेवटी म्हटलं, "रद्द! कुठं जायचं नाही. बास."

आई रडायची थांबली. माझ्याकडे बघून अगदी हळू म्हणाली, "मागच्या खेपेला तिकडच्या सरकारनं नाही म्हटलं. या खेपेला तू म्हण."

मी साहेबांकडे बघितलं. म्हटलं, माणसाचा आनंद ज्याला बघवत नाही असा हा एकच पुरुष या गावात आहे, तो तरी माझ्या बाजूनं बोलेल.

साहेब उठून उभे राहिले. "आपण कृपा करून आसनस्थ व्हावं," ते मला म्हणाले. मी बसले. "रद्द कुणी म्हटलं? मी माणसं थांबवायला बसलोय का इथं? मी माणसं पोचवायला बसलोय. वहिनी जाणार. उद्या नाही जाणार. पण जाणार, आणि खरं लिहून जाणार."

"आणि तिथं काही झालं तर?"

"तर तिथं दवाखाना आहे. इथं तुझ्या स्वयंपाकघरात झालं तर तू ऑफिसात असशील." मग आईकडे वळून म्हणाले, "वहिनी, एक सांगा. हे असं लपवून गेला असता आणि तिथं पडला असता, तर तुमच्या लेकीनं बाळाकडे बघायचं की दवाखान्याच्या बिलाकडे? घर विकायला लागतं हो माणसांना तिकडे."

"एवढा विचार नव्हता केला मी," आई म्हणाली.

"तो करायला मी आहे."

फॉर्मावर खाली सही माझी होती. त्याबद्दल साहेब मला एक अक्षर बोलले नाहीत, ना त्या दिवशी, ना नंतर. बोलले असते तर बरं झालं असतं, असं मला आजही वाटतं. नऊ वर्षं मी लोकांच्या गोळ्या निवडल्या आणि स्वतःच्या आईची पाठ मला वाचता आली नाही.

पुढचे पंधरा दिवस साहेबांनी तहानभूक विसरून काम केलं. शनिवारी सकाळी आधी तिकीट पुढं ढकललं. मग आईची तपासणी. डॉक्टर म्हणाले, गोळ्या नीट घेतल्या तर जायला हरकत नाही, तसं लेखी देतो. मग जुन्या आजारासकट घेणारा विमा. असे विमे कमी, महाग आणि अटी गुडघाभर. साहेबांनी चार ठिकाणचे कागद आणून भिंगातून वाचले, तीन बाजूला टाकले. फॉर्म पुन्हा माझ्याकडूनच भरून घेतला. त्या रकान्यात मी या वेळेला सगळं लिहिलं, औषधांच्या नावांसकट, आणि डॉक्टरांचं पत्र जोडलं. धाकटीला फोन करून सांगितलं. ती आधी रडली, मग आईवर चिडली, आणि मग म्हणाली, "ये आई. ये फक्त."

एकच अडचण उरली, व्हीलचेअर. आई ऐकेना. "मला काय झालंय? अकोट्याचं कुणी विमानतळावर भेटलं तर काय म्हणेल?"

"वहिनी, व्हीलचेअरवाल्यांना रांगेत उभं राहावं लागत नाही."

"असं?" आई म्हणाली. "मग असू दे."

प्रस्थानाचं काय करायचं यावर मात्र ती अडली. पंधरा दिवस कपाटात राहून ते शिळं झालं, असं तिचं मत. साहेबांनी तिला नवा मुहूर्त बघू दिला. म्हणाले, "जरूर ठेवा. गोळ्या तेवढ्या घरी ठेवा."

ती गेली. पोचल्याचा फोन आला, फोटो आले, नातवाबरोबर बागेतले, उन्हाळ्यातही डोक्याला लोकरीची टोपी घातलेल्या आईचे. तीन आठवडे सगळं छान चाललं. आणि एक दिवस सकाळी साडेदहाला, ऑफिसचं दार नुकतंच उघडलं होतं, मेहुण्यांचा फोन आला. आईच्या छातीत दुखायला लागलं, बाटलीतली गोळी दिली, ॲम्ब्युलन्सनं दवाखान्यात आणलंय, आत नेलंय.

साहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला. "जावईबापू, वहिनींच्या पर्सच्या आतल्या कप्प्यात विम्याचा कागद आहे. तो काउंटरवर द्या. आणि लेकीजवळ जाऊन बसा, पुढचं मी बघतो." लगेच ऑफिसच्या दुसऱ्या फोनवरून विमा कंपनीचा मदतीचा नंबर लावला. नंबर त्यांना पाठ होता. पलीकडे एक बाई होत्या. नाव, पॉलिसी, दवाखाना, सगळं विचारून झालं, आणि मग त्यांनी तो प्रश्न विचारला. रुग्णाला हृदयाचा त्रास आधीपासून होता का?

हा प्रश्न आला की माणसांचे आवाज कसे बसतात, ते मी पुष्कळ वेळा ऐकलंय. साहेबांनी फोन माझ्यापुढं धरला. "तू सांग. फॉर्म तू भरलायस."

"हो," मी म्हटलं. "आधीपासून आहे. लिहिलंय तसं. तिसऱ्या पानावर, डॉक्टरांच्या पत्रासकट."

पलीकडे बराच वेळ कीबोर्डची नुसती टकटक ऐकू येत होती. मग बाई म्हणाल्या, "हो, आहे. दिसतंय मला. दवाखान्याशी आता आम्ही थेट बोलतो. तुम्ही फक्त तुमच्या आईची काळजी करा."

मी टेबलावर डोकं ठेवून ढसाढसा रडले. साहेबांनी मला गप्प केलं नाही. बाहेरच्या दारावर 'अर्ध्या तासानं या' अशी पाटी लावली आणि माझ्यासाठी खालून चहा मागवला.

आईच्या हृदयातली नळी उघडून तिथं स्टेंट बसवला. दुसऱ्या दिवशी धाकटीला कळा सुरू झाल्या आणि तिला त्याच दवाखान्यात आणलं. आई दुसऱ्या मजल्यावर, धाकटी पाचव्या. मेहुणे बिचारे दोन मजल्यांवर दोन नर्सना उत्तरं देत होते. मुलगी झाली. तीन-साडेतीन किलोची, गोल गरगरीत.

त्यानंतरच्या दिवशी संध्याकाळी ऑफिसात व्हिडिओ कॉल आला. आईला व्हीलचेअरवरून पाचव्या मजल्यावर नेलं होतं. हाताला पट्टी, चेहरा उतरलेला, आणि मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली नात. माझ्याशी दोन शब्द बोलली आणि म्हणाली, "ते साहेब आहेत का? त्यांना दे."

मी फोन साहेबांपुढं धरला.

"साहेब," आई म्हणाली, "पोचले हो मी."

कॅनडात जाऊन तिला तीन आठवडे झाले होते. मी वाट बघत होते, आता विचारतील, दुसरी गोळी सुरू झाली का, डॉक्टरांनी घरी जायचे कागद दिले का, पुढच्या तपासणीची तारीख काय. नऊ वर्षांत त्यांना प्रश्न कमी पडलेले मी कधी पाहिले नव्हते. पण त्यांनी चष्मा काढून धोतराच्या सोग्यानं पुसावा तसा शर्टाच्या टोकानं पुसला, पुन्हा घातला, आणि विचारलं, "बाळ कुणासारखं आहे, वहिनी?"

"तुमच्या ऑफिसात बसून रडते ना, तिच्यासारखं," आई म्हणाली.

तेवढ्यात बाळानं भोकाड पसरलं. आई तिला थोपटायला लागली आणि फोन कुठंतरी उशीवर ठेवून विसरली. आम्हाला दिसत काहीच नव्हतं, नुसतं पांढरं छत. पण साहेबांनी फोन बंद करू दिला नाही. पोरीचं रडणं आणि आईचं गुणगुणणं ऐकत आम्ही दोघं कितीतरी वेळ तसेच बसून राहिलो.